गाळा घेण्याआधी: ठाण्या-नवी मुंबईत छोटं दुकान कशावर टिकतं

दुकान काढायचं म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, जीएसटी नंबर लागेल का?" मी ठाण्याच्या नौपाड्यात छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते. किराणा, फरसाण, ब्लाउज शिवणारे, मोबाइल दुरुस्ती, पोळीभाजी केंद्र, एक-दोन सलून. मी उलट विचारते, "तुमचा दिवसाचा आकडा किती?" तिथे बहुतेकांची गाडी अडते. गाळा बघून झालेला असतो, नाव ठरलेलं असतं, मेहुण्याने फलकाचं डिझाइनसुद्धा केलेलं असतं. आकडा तेवढा काढलेला नसतो.

दुकान का चाललं याची कारणं लोक नंतर शोधतात. हात चांगला होता, जागा लकी होती, कुणाची नजर लागली. माझ्याकडच्या वह्यांमध्ये मात्र बरंचसं शटर उघडण्याआधीच ठरलेलं दिसतं. हे मी शहाणपणाने सांगत नाही. नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात आम्ही नवरा-बायकोने स्टेशनरीचं दुकान काढलं होतं, ते चौदा महिन्यांत बंद केलं. दुसऱ्यांचे हिशेब लिहिणाऱ्या बाईने स्वतःचा हिशेब केला नव्हता. ती गोष्ट ओघात येईलच.

पहिलं काम: दिवसाचा आकडा काढा

एक वही घ्या. दिवसभरात एकही गिऱ्हाईक आलं नाही तरी जो खर्च होणारच, तो लिहा. समजा, दोनशे चौरस फुटांचा गाळा आहे. भाडं ४५,०००. दोन माणसांचे पगार ३६,०००. वीजबिल ७,०००. इंटरनेट, पिशव्या, झाडलोट, किरकोळ दुरुस्ती आणि कर्जाचा हप्ता मिळून १२,०००. बेरीज झाली १,००,०००. (हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे तुम्ही भरा, दलालाने सांगितलेले भरू नका.)

बहुतेक जण इथेच थांबतात. पण सकाळी साडेआठ ते रात्री दहा तुम्ही जे उभे राहणार, त्याचं काय? तुम्ही नसतात तर त्या जागी माणूस ठेवावाच लागला असता. तो पगार लिहा, समजा ३०,०००. आता झाले १,३०,०००. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोजचे ५,०००.

हे ५,००० म्हणजे गल्ला नव्हे. मालाची किंमत वजा जाऊन हातात सुटायला हवेत ते हे पाच हजार. किराणा-स्टेशनरीसारख्या धंद्यात शंभराच्या विक्रीला वीस सुटत असतील तर रोज २५,०००ची विक्री हवी. गिऱ्हाइकाचं सरासरी बिल १५० असेल तर १६७ गिऱ्हाइकं. बारा तास दुकान उघडं म्हणजे तासाला चौदा, साधारण दर चार मिनिटांना एक. रविवारी दुपारी तीन वाजता जिथे रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावलीला झोपलेलं असतं, तिथेही दर चार मिनिटांना एक.

तेच फरसाण-चकली-लाडवांचं, घरून माल येणारं दुकान असेल आणि शंभराला चाळीस सुटत असतील, तर १२,५००ची विक्री आणि ८३ गिऱ्हाइकं पुरतात. एकाच गाळ्यात, एकाच भाड्यात, एका धंद्याला दुप्पट माणसं लागतात आणि दुसऱ्याला निम्मी. म्हणून "हा गाळा चालेल का?" या प्रश्नाला तसा अर्थच नाही. कोणता धंदा, ते आधी सांगा.

इथे एक चूक इतक्या वह्यांत सापडते की ती वेगळी सांगते. वस्तू १०० रुपयांना आणली, १२५ला विकली. दुकानदार म्हणतो, पंचवीस टक्के सुटले. खरेदीवर पंचवीस, विक्रीवर वीसच. वर्षाच्या २० लाखांच्या विक्रीवर हा फरक एक लाखाचा होतो. शिवाय तूट धरा: फुटलेल्या बरण्या, मुदत संपलेली बिस्किटं, ओल लागलेले पापड, आणि "सुटे नाहीत, राहू दे" म्हणून सोडलेले दोन-दोन रुपये.

दुसरं काम: रस्त्यावर उभं राहा

आकडा निघाला की तो घेऊन गाळ्यासमोर जा. आत नाही, समोर. कामाच्या दिवशी सकाळी आठ ते दहा, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ आणि एक रविवार. असं निदान दोन आठवडे. लाज वाटत असेल तर समोरच्या टपरीवर चहा घ्या, पण मोजा. नुसती जाणारी माणसं मोजून भागत नाही. शेजारच्या दुकानांतून हातात पिशवी घेऊन किती बाहेर पडतात, ते मोजा. गर्दी आणि गिऱ्हाईक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टेशनच्या तोंडाशी हजारो माणसं जातात. सकाळी त्यांना ८.१४ची गाडी दिसत असते, तुमचा फलक नाही.

माणूस कोणत्या दिशेला चाललाय यावर खूप अवलंबून असतं. ठाणे पश्चिमेला संध्याकाळी स्टेशनवरून गोखले रोड, राम मारुती रोडकडे लोक अजूनही मोठ्या संख्येने चालत जातात. घरी जाता जाता भाजी, फुलं, ब्रेड, मुलाची वही घेतली जाते. हा परतीचा माणूस थांबतो. त्याच्या वाटेवरची बाजू आणि रस्ता ओलांडून पलीकडची बाजू यांत मोठा फरक पडतो. मध्ये दुभाजक असेल तर विचारूच नका.

घोडबंदर रोडचं गणित निराळं. मानपाडा ते कासारवडवलीपर्यंत मोठमोठी संकुलं आहेत, माणूस गाडीतून किंवा रिक्षातून थेट गेटच्या आत जातो. हमरस्त्यावरचा गाळा देखणा दिसतो, भाडंही तसंच असतं, पण गाडी उभी करायला जागा नसेल तर गिऱ्हाईक तुमच्याकडे बघत बघत पुढे निघून जातं. मेट्रो-४च्या कामाचे पत्रे वर्षानुवर्षं उभे राहिले तेव्हा मागची दुकानं दिसेनाशी झाली, भाडं मात्र चालूच होतं. गाळा बघायला जाल तेव्हा या रस्त्यावर पुढच्या तीन वर्षांत काय खोदणार आहेत हे शेजारच्या दुकानदाराला विचारा. दलाल म्हणेल, "मेट्रो आली की सोनं होईल." होईलही. तोवरचं भाडं कोण भरणार, हा प्रश्न.

नवी मुंबई तर मुळात आखून वसवलेलं शहर. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि तिने सेक्टर पाडले, प्रत्येकाला स्वतःचा बाजार नेमून दिला. त्यामुळे इथलं दुकान वाटसरूवर कमी आणि सेक्टरच्या रहिवाशांवर जास्त जगतं. वाशी-बेलापूरसारख्या ठिकाणी स्टेशनच्या इमारतीतच कार्यालयं आहेत. तिथला दुपारचा डबा आणि चहा जोरात, शनिवार-रविवारी शुकशुकाट. ऐरोलीत आयटी कंपन्यांच्या आसपास तसंच. तुमचे दिवस २६ की २२, हे अशा ठिकाणी ठरतं आणि आकडा बदलतो.

कोपरखैरणे-घणसोलीत माथाडी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. सातारा-सांगलीकडची, पुणे जिल्ह्यातली मंडळी. एपीएमसीच्या, म्हणजे घाऊक बाजार समितीच्या, कामावर पहाटे निघणारी. ज्या चहावाल्याने साडेचारला शटर उघडलं तो उभा राहिला, साडेसातला उघडणाऱ्याला उरलंसुरलं मिळालं. चैत्र-वैशाखात गावच्या यात्रा लागल्या की अर्धा सेक्टर गावाला. ठाण्यातही मे महिन्यात आणि गणपतीत कोकणात जाणाऱ्यांमुळे काही गल्ल्या ओस पडतात. मोदकाचं पीठ चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात विकून मोकळं व्हायचं असतं. उलट दिवाळीच्या पहिल्या पहाटे राम मारुती रोड आणि तलावपाळीला तरुण पोरांची जी झुंबड उडते, त्या चार तासांत खाण्यापिण्याच्या दुकानांचा आठवड्याचा गल्ला निघतो.

आता आमची गोष्ट. शाळेपासून शंभर पावलांवर गाळा मिळाला. आम्ही मोजणी केली होती बरं का, दोन संध्याकाळी उभं राहून. माणसांची रांग पाहून हुरळलो. तो जून होता. जूनमध्ये शाळेसमोर रांग नसेल तर कधी असेल? ऑगस्टमध्ये दिवसाला तीन पेनं आणि एक कार्डशीट अशी विक्री यायला लागली. पुढच्या जूनमध्ये शाळेनेच वह्यांचा पूर्ण संच आतून द्यायला सुरुवात केली. मोजणी खोटी नव्हती, महिना चुकीचा होता. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: ज्या महिन्यात तो धंदा सर्वांत मंदावतो, त्या महिन्याची चौकशी आधी करा. आजूबाजूच्या दुकानदाराला "आषाढात कसं असतं?", "पितृपक्षात कसं असतं?" असं विचारलं की तो खरं बोलतो. "धंदा कसा आहे?" विचारलं तर "ठीक आहे" यापलीकडे काही निघत नाही.

तिसरं काम: गाळ्याचे कागद वाचा, स्वतः

बाजूला बसवून कुणी वाचून दाखवलेलं चालणार नाही. भाड्याचा गाळा साधारणपणे लीव्ह अँड लायसन्सवर मिळतो. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. भाडे नियंत्रण कायद्याच्या, म्हणजे १९९९च्या कायद्याच्या, कलम ५५नुसार नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. "पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेऊ, खर्च कशाला" असं म्हणणारा मालक उद्या डिपॉझिटच्या वेळीही असंच काही म्हणेल.

करारात काय बघायचं? लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याची मुदत, किती महिन्यांचं आणि ते दोघांना लागू आहे की फक्त तुम्हाला. दरवर्षी भाडं किती टक्क्यांनी चढणार. डिपॉझिट किती दिवसांत परत. सोसायटीचा देखभाल खर्च आणि मालमत्ता कर कुणी भरायचा. फर्निचर लावायला लागणारे वीस-पंचवीस दिवस भाड्यातून सुटतात का. मागितलं तर बऱ्याचदा सुटतात, मागत कुणी नाही. फलक लावायची जागा लिहून घ्या. खाण्याचा धंदा असेल तर पाणी, सांडपाणी आणि धूर बाहेर काढायची वाट, या तिन्हींना सोसायटीची हरकत नाही असं लेखी हवं. वरच्या मजल्यावरच्या काकूंना तळणाचा वास आवडत नाही हे दुकान उघडल्यावर कळून उपयोग नाही.

वीजमीटर कुणाच्या नावावर आहे आणि महावितरणची थकबाकी आहे का, ते बिलावरचा ग्राहक क्रमांक घेऊन तपासा. जुन्याची थकबाकी नव्याच्या गळ्यात येते.

नवी मुंबईत आणखी एक खोच आहे. सेक्टरच्या भाड्याच्या निम्म्यात गावठाणाच्या कडेला गाळा मिळतो. घणसोली गाव, कोपरखैरणे गाव, करावे, सगळीकडे. तिथे धंदा चांगला चालतो, वस्ती दाट, लोक मायाळू. पण इमारतीला परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर तोडक कारवाईची टांगती तलवार राहते, बँक त्या पत्त्यावर कर्ज द्यायला कां-कूं करते. घ्यायचा तर घ्या, फक्त तिथे तीन लाखांचं फर्निचर ठोकू नका. उचलून नेता येईल असे रॅक लावा.

परवाने

हा भाग लोकांना सर्वांत अवघड वाटतो, आणि खरं तर सर्वांत सोपा हाच आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी दोन-अडीच हजार घेणारे भेटतील, देऊ नका. दुकाने व आस्थापना कायद्याखाली छोट्या दुकानांना फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, कामगार वाढले की नोंदणी. व्यवसाय कराचं नावनोंदणी प्रमाणपत्र घ्या, त्याचे वर्षाला २,५००. खाण्याची कोणतीही वस्तू विकत असाल, घरच्या स्वयंपाकघरातून का होईना, तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना हवा आणि तो चौदा आकडी क्रमांक बिलावर, पाकिटावर हवा. वजनकाटा असेल तर त्याचं मुद्रांकन वेळच्या वेळी. फलक मराठीत, देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. २०२२च्या दुरुस्तीनंतर हा नियम दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही आहे.

आणि जीएसटी, ज्याच्यासाठी तुम्ही आला होतात. नुसता माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत नोंदणी बंधनकारक नाही. सेवा देणाऱ्याला आणि खाणावळ-हॉटेलवाल्याला ती मर्यादा २० लाख. दीड कोटीपर्यंत कंपोझिशन योजना घेता येते: व्यापाऱ्याला उलाढालीवर एक टक्का, हॉटेलला पाच. ही योजना घेतली की गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, म्हणजे तो तुमच्या सुटणाऱ्या पैशातूनच जातो. वरचं उदाहरण आठवा. २५,००० गुणिले २६ म्हणजे महिन्याला साडेसहा लाख, वर्षाला ७८ लाख. "आपलं छोटंसं दुकान, जीएसटी कशाला" म्हणणारे यात केव्हाच बसतात. यूपीआयवर आलेला प्रत्येक रुपया खात्यात दिसतो. २०२५मध्ये कर्नाटकात अशाच जमा रकमा पाहून छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा गेल्या आणि गोंधळ उडाला.

चौथं काम: पैसा दोन ढिगांत ठेवा

समजा दहा लाख आहेत. लोक ते असे घालवतात: डिपॉझिट तीन, फर्निचर आणि एसी चार, माल अडीच, उद्घाटनाची पूजा-पेढे-मंडप उरलेल्यात. पहिल्या तारखेला भाडं भरायला सोनं गहाण.

मी दोन ढीग करायला लावते. एक दुकान उभं करण्याचा, दुसरा दुकान जगवण्याचा. दुसऱ्यात सहा महिन्यांचा बांधील खर्च. आपल्या उदाहरणात महिन्याला एक लाख, म्हणजे सहा लाख. "एवढे कुठून आणू?" मग गाळा लहान घ्या, नाहीतर पहिले काही महिने घरून, ऑर्डरवर करा. नवं दुकान पहिल्या दिवशी १६७ गिऱ्हाइकं आणत नाही. माझ्या वह्यांत नीट चाललेल्या दुकानांनाही आकडा गाठायला आठ-दहा महिने लागलेले आहेत. तोवरचा श्वास म्हणजे हा दुसरा ढीग.

कर्ज घ्यायचं तर मुद्रा योजना आहे, तारण लागत नाही: शिशु ५०,०००पर्यंत, किशोर पाच लाखांपर्यंत, तरुण दहा लाखांपर्यंत, आणि तरुण कर्ज नीट फेडलेल्याला पुढे वीस लाखांपर्यंत. बँकेत जाताना दिवसाच्या आकड्याचं पान बरोबर न्या. शाखेतल्या साहेबांना छापील प्रकल्प अहवाल रोज दिसतात, हाताने मोजलेली गर्दी क्वचित. रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांसाठी पीएम स्वनिधी आहे, पहिलं कर्ज १५,०००चं आणि ते फेडलं की पुढे २५,००० व ५०,०००चं. भिशीच्या पैशावर दुकान मात्र काढू नका. भिशी माल भरायला चालते, भाडं भरायला नाही.

पाचवं काम: माल कमी ठेवा, बदलता ठेवा

आमच्या स्टेशनरीच्या दुकानात एकशे चाळीस प्रकारची पेनं होती. विकली जात होती त्यातली नऊ. बाकीची पेनं म्हणजे काचेत लावलेला आमचा पैसा.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी रॅकसमोर उभं राहा आणि साठ दिवसांत न हललेली प्रत्येक वस्तू एका टेबलावर काढा. खरेदीच्या भावाने विका, पुरवठादाराला परत द्या, काहीही करा. जीव तुटतो, मान्य आहे. पण त्याच पैशात चालणारी वस्तू महिन्यातून चारदा फिरते.

खरेदीच्या बाबतीत आपल्या भागाइतकं नशीबवान कुणी नाही. तुर्भे-वाशीला एपीएमसीचे पाच बाजार: कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला आणि धान्य. ठाण्यात जांभळी नाका आहेच. तरी हिशेब करा. पन्नास किलो गुळासाठी टेम्पोचं भाडं, हमाली आणि तुमचा अर्धा दिवस घालवून किलोमागे दोन रुपये वाचत असतील तर जवळचा ठोकवाला परवडतो. माझ्या ओळखीतले तीन पोळीभाजीवाले मिळून आठवड्यातून दोनदा एकच टेम्पो करतात. स्पर्धक आहेत, पण कांदा एकत्र आणतात.

डी-मार्टशी आणि दहा मिनिटांत घरी माल आणणाऱ्या ॲपशी भावात भांडू नका, हराल. त्यांच्याकडे जे मिळत नाही ते ठेवा. नौपाड्यातल्या एका दुकानदाराने साखर-तेल मागच्या रॅकला टाकलं आणि पुढे भाजणी, मेतकूट, कुळीथ पीठ, आमसुलं, सांडगी मिरची मांडली. भाजणी कुठल्या दिवशी दळली, ते बरणीवर खडूने लिहितो. त्या एका खडूने त्याला जेवढं गिऱ्हाईक दिलं तेवढं कुठल्याही जाहिरातीने दिलं नसतं.

सहावं काम: गिऱ्हाईक परत येतंय का ते बघा

नवं गिऱ्हाईक उत्सुकतेने येतं. भाडं भरतं ते तिसऱ्यांदा येणारं. पहिले तीन महिने वहीच्या मागच्या पानावर ओळखीच्या झालेल्या चेहऱ्यांची खूणगाठ ठेवा: "निळी स्कूटी, मुलगी केजीत", "दुसरा मजला, साखर नको". हे फोनमध्येही चालेल. परत येणाऱ्यांचा आकडा वाढत नसेल तर भाव, चव, वागणूक यांतलं काहीतरी एक बिघडलंय. विचारा. थेट विचारलं की मराठी माणूस "छान आहे हो" म्हणतो, म्हणून "चकली मागच्या वेळी जरा नरम होती का?" असं नेमकं विचारा. मग खरं बाहेर येतं.

इंटरनेटवरच्या नकाशावर दुकानाची नोंद स्वतः करा: बरोबर वेळ, फोटो, फोन. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी "शुभ सकाळ" आणि फलकाचा फोटो टाकणारा तीन दिवसांत म्यूट होतो. "आज पुरणपोळ्या, चाळीसच, चारपर्यंत सांगा" एवढाच निरोप, तोही आठवड्यातून एकदा, पुरतो.

दुपारी दुकान बंद ठेवण्यावरून ठाण्यात पूर्वापार वाद आहे. मी म्हणते, मोजून ठरवा. एक ते चारमध्ये विक्री वीजबिलाइतकीही होत नसेल तर जेवा, झोपा. पण वेळ लिहिली असेल चारची तर चारला शटर वर. चार-दहाला परत गेलेली बाई पुन्हा येत नाही.

उधारी. हा विषय आला की माझ्या समोरचे सगळे जमिनीकडे बघतात. उधारी पूर्ण बंद करता येत नाही, विशेषतः गावठाणात आणि जुन्या वस्तीत. तिथे उधारी हाही ओळखीचाच भाग. पण हद्द घाला. एका घराला १,०००पर्यंत, महिन्याच्या दहा तारखेला चुकती, आणि वही गिऱ्हाइकासमोर लिहायची. मागायला जीभ रेटत नसेल तर दहा तारखेला सगळ्यांना एकच निरोप पाठवा, कुणा एकाला लागत नाही. तुम्ही कंपन्यांना डबे किंवा स्वतः बनवलेला माल पुरवत असाल आणि उद्यम नोंदणी असेल, तर एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे अडकवता येत नाहीत. बिलावर उद्यम क्रमांक छापा. नुसत्या त्या ओळीनेसुद्धा काही लेखा विभाग जागे होतात.

माणसं

थोडकंच सांगते. पगार ठरलेल्या तारखेला द्या, सुट्टी ठरवून द्या, गल्ल्याला दोन किल्ल्या ठेवू नका. घरचं माणूस दुकानात बसत असेल तर त्याचाही पगार वहीत लिहा. सासूबाई सकाळी चार तास पापड लाटतात आणि वहीत त्यांचा रुपयाही नाही, असं "फायद्यातलं" दुकान सासूबाईंचे गुडघे गेले की तोट्यात जातं.

सातवं काम: रात्रीची दहा मिनिटं

शटर अर्धं खाली ओढा आणि पाच आकडे लिहा. रोख किती, यूपीआय किती, उधार किती गेली, मालाला किती दिले, घरी किती नेले. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त लपवला जाणारा. गल्ल्यातून मुलाच्या क्लासची फी, गॅस, लग्नाचं पाकीट गेलं तर जाऊ दे, पण लिहा. दुकानाचं चालू खातं वेगळं, घराचं वेगळं. दर महिन्याला स्वतःचे ते ३०,००० एका तारखेला घरच्या खात्यात वळवा आणि मग गल्ल्याला हात लावू नका.

दर रविवारी त्या आठवड्याची सरासरी दिवसाच्या आकड्यासमोर मांडा. पाच हजार सुटायला हवे होते, तीन हजार दोनशे सुटले. मग बघा कुठे कमी पडलं. माणसंच कमी आली तर फलक, वेळ, जागा. माणसं आली पण बिल ऐंशीचंच, तर काउंटरजवळ काय ठेवलंय ते बदला. बिल ठीक पण सुटतं कमी, तर खरेदी किंवा तूट. तीन वेगळे आजार, तीन वेगळी औषधं. आमच्याकडे या तिन्हींना मिळून "मंदी आहे" म्हणतात.

कधी थांबायचं

हे दुकान उघडण्याआधी लिहून ठेवायचं, कारण नंतर मन ऐकत नाही. माझी रीत अशी: दुसरा ढीग अर्धा संपला आणि सलग तीन महिने सुटणारा पैसा आकड्याच्या साठ टक्क्यांच्या खाली असेल, तर धंदा बदलायचा किंवा गाळा सोडायचा. ही मर्यादा तुम्ही पन्नास ठेवा, सत्तर ठेवा, पण शाईने लिहा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाची सही घ्या.

बंद करतानाही क्रम असतो. आधी करारातला नोटिशीचा महिना बघून मालकाला लेखी कळवा, म्हणजे डिपॉझिटातून तो महिना कापला जाणार नाही. मग माल पुरवठादारांना परत, उरलेल्याचा सेल. उधारी वसुली सेलच्या आधी. दुकान बंद होतंय हे कळलं की देणारे रस्ता बदलतात. जीएसटी असेल तर नोंदणी रद्द करून तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरा, नाहीतर दंडाची पत्रं येत राहतात. एफएसएसएआय, व्यवसाय कर, मीटरचं शेवटचं बिल, चालू खातं.

आम्ही यातलं काहीच लिहून ठेवलं नव्हतं. अकराव्या महिन्यात कळत होतं, चौदाव्यात बंद केलं. त्या तीन महिन्यांचं भाडं म्हणजे नवऱ्याची स्कूटर. रॅक घणसोलीच्या एका औषधवाल्याने नेले, निम्म्या भावात. पेनं अजून घरात आहेत. मी हिशेब त्यांनीच लिहिते.